तात्या, त्या वह्या बंद करू नका : आमच्या ट्रस्टच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

तात्या, गावात तुम्हाला तात्याच म्हणतो म्हणून इथंही तेच लिहितोय, राग मानू नका. मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला गावाच्या ग्रुपवर मेसेज पडला की ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ठराव झालाय, चौदा गावांत बीपीचा आणि लकव्याचा जो अभ्यास चाललाय तो या महिनाअखेर बंद, आणि त्याचे उरलेले पैसे सभागृहाच्या बांधकामाला आणि एका ॲम्ब्युलन्सला. खाली लगेच टाळ्या आणि हात जोडलेल्यांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, मी पण टाळीच टाकली, ॲम्ब्युलन्स हा शब्द वाचला आणि बोट गेलं. मग मेसेज परत वरपासून वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पावणेदोन वर्षांत दाखवण्यासारखं काय झालंय ते सांग बरं." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देतोय, आणि सगळ्यांसमोर देतोय, कारण पैसे वर्गणीचे आहेत.

मी कोण हे तुम्हाला माहीत आहे पण बाकीच्यांसाठी सांगतो. वडूजकडच्या रस्त्याला दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळी सहाला शटर वर, मग माप, सॅम्पल, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट आणि पाणी सोडून उरलेला भाग), पावती. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ, त्याच्याखाली एक पॉइंट आला की माणूस भांडायला उठतो, मशीन चुकतंय म्हणतो. दुधाचा पॉइंट पॉइंट मोजणारं आपलं गाव, पण दूध घालायला येणाऱ्या माणसाचा बीपी किती हे कुणाला माहीत नव्हतं. आमच्या आबांचा तर मोजलेला होता, गोळी पण सुरू झालेली, दोन महिने खाल्ली आणि मग "आता बरं वाटतंय की" म्हणून डबी फळीवर ठेवून दिली. ती डबी अजून फळीवरच आहे, मी काढलेली नाही.

२०२२ चा मार्च. ज्वारीची काढणी चाललेली. आठवडी बाजारात शेळी विकली आणि पैसे मोजताना आबांच्या हातातनं नोटा सुटल्या, उजवा हात बधिर, जीभ जड. पाच-दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी. "हात आखडला हुता रं" म्हणले, आम्ही वडापाव खाल्ला आणि घरी आलो. दोघंही हसलो त्याच्यावर. त्याला डॉक्टर लोक मिनी स्ट्रोक म्हणतात, टीआयए म्हणतात, मोठा झटका यायच्या आधीचा इशारा असतो तो, हे मला सगळं होऊन गेल्यावर कळलं.

आठव्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे किटली घेऊन आले. दूध ओतलं, मी पावती काढली आणि पुढं केली, तर त्यांनी ती धरलीच नाही, कागद बोटांवरनं घसरून खाली पडला. मला वाटलं लक्ष नाही. मग रिकामी किटली पडली, आणि मी तोंडाकडं बघितलं तर उजवी बाजू उतरलेली, काहीतरी बोलतायत पण शब्द नाही, नुसतं "हे, हे". पुढं काय झालं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो. कुणीतरी साखरपाणी आणलं, ते ओठाच्या कोपऱ्यातनं सांडलं (असं काही पाजायचंच नसतं, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं). मग "वारं गेलंय अंगावरनं" म्हणून तेल गरम करून चोळाचोळ. एकजण लकव्यावरचा उतारा म्हणून कबुतर शोधायला निघाला. मग एका गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात म्हणून जीप तिकडं वळवली, तिथं नंबर लावून बसलो. त्यानंतर सातारा. दवाखान्यात सीटी स्कॅन होऊन तरुण डॉक्टर बाहेर आला तेव्हा अकरा चाळीस झालेले. त्यानं एकच प्रश्न विचारला, "सुरू कधी झालं, नक्की वेळ सांगा." माझ्या शर्टच्या खिशात ती पावती होती. म्हैस, ४ लिटर, वेळ ६.१०. त्यानं पावती बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं.

मी काय केलं असेल त्या साडेपाच तासांत, तर जीपमध्ये आबांचा हात धरून बसलो होतो. मेंदूला रक्त पोचलं नाही की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात म्हणे. मला ते गणित करायचं नाही.

आबा आता ओट्यावर बसतात. "हे" आणि "बरं" एवढे दोन शब्द बोलतात आणि डाव्या हातानं जेवतात.

म्हणून ट्रस्टनं हे काम काढलं तेव्हा मीच पहिल्यांदा केंद्रात जागा दिली. चार मुली, दोन बीपी मशीन, मेडिकल कॉलेजचे एक डॉक्टर मार्गदर्शनाला आणि वह्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी, गोळी सुरू आहे का, महिन्याची गोळी नेली का. आणि कुणाला झटका आलाच तर त्याचं वेगळं पान: किती वाजता सुरू झालं, पहिल्यांदा कुठं नेलं, सीटी किती वाजता झाला, तिसऱ्या महिन्यात माणूस चालतो का. चौदातल्या सात गावांत मुली घरी जाऊन, फोन करून गोळीची आठवण करतात, बाकीच्या सातांत नेहमीसारखं उपकेंद्राचं जे चालतं ते. गोळ्या मात्र दोन्हीकडं. तीन वर्षांनी दोन्ही बाजूंच्या वह्या शेजारी ठेवून बघायचं. आमच्या आईचा बीपी त्यांनीच पकडला, १९०/११०, आणि तिला कसलाही त्रास नव्हता, ती मशेरी लावत परड्यात उभी होती. आता ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी चालू आहे, मशेरी काही सुटलेली नाही पण कमी झालीय असं ती म्हणते, मी खात्री देत नाही.

आता तुमच्या म्हणण्याकडं येतो. मीटिंगमध्ये जे जे बोललं गेलं असं कळलंय त्यातलं एकेक घेतो.

पहिलं, दाखवण्यासारखं काही नाही. तात्या, २०१७ ला वॉटर कपच्या वेळी आपण दीड महिना माळावर घाम गाळला, पण फावडं मारायच्या आधी काय केलं होतं आठवतंय का, उतार मोजला, पाऊस किती पडतो, विहिरीत किती हात पाणी, सगळं लिहून काढलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की या मोजमापात दाखवण्यासारखं काय आहे. लकव्याचं पण आधी मोजायलाच लागतं. लांब कशाला, गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत घरोघर जाऊन नोंदलं की माणसं कशानं मरतायत. २०१५ ला तो अभ्यास छापून आला. सगळ्यांचा समज काय, तर आदिवासी भाग म्हणजे साथीचे रोग, मलेरिया. निघालं काय, तर मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लकवा, शंभरातले १४.३ मृत्यू त्याचे, म्हणजे दर सात मयतांमागं एक. तोपर्यंत कुणाच्या स्वप्नात नव्हतं. त्या संशोधनामागचे पैसे कुठून आले तर वेलकम ट्रस्ट आणि आपल्या सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या भागीदारीतल्या फेलोशिपमधून. हेन्री वेलकम नावाचा औषधवाला १९३६ ला वारला, त्याच्या मृत्युपत्रातून तो ट्रस्ट उभा राहिला. लंडनमधल्या एका माणसाचं दान ऐंशी वर्षांनी गडचिरोलीच्या झोपडीत जाऊन उपयोगी पडलं, आणि आपण आपल्या वर्गणीला पावणेदोन वर्षांत दमतोय.

आणि याच 'सर्च'नं आधी नवजात बाळांचं केलं होतं. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी बाळाची काळजी, १९९९ ला ते प्रसिद्ध झालं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याची मुळं तिथं आहेत. तिथंही सुरुवातीला वह्याच होत्या.

दुसरं, हे सरकारनं करावं नाहीतर औषध कंपन्यांनी करावं, आपण कशाला. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण हे मला पण पटलं होतं आधी. ॲस्पिरिनची गोळी कितीला मिळते? रुपयाच्या आसपास. तिच्यात कुठल्या कंपनीला काय मिळणार. झटका आल्या आल्या पहिल्या दोन दिवसांत ॲस्पिरिन द्यावी की नाही हे डॉक्टरांना नक्की माहीत नव्हतं, तर ३६ देशांतल्या ४६७ हॉस्पिटलांत १९,४३५ पेशंट घेऊन ते तपासलं, १९९७ ला निकाल आला, फायदा छोटा पण खरा. त्याला सरकारी पैसे होतेच, पण ब्रिटनच्या स्ट्रोक असोसिएशन या धर्मादाय संस्थेचेही होते, म्हणजे लोकांच्या देणग्यांचे. (इथं एक सांगून ठेवतो, सीटी होऊन गुठळी आहे की रक्तस्राव हे कळल्याशिवाय घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, रक्तस्राव असला तर नुकसान होतं.) मग दुसरा प्रश्न, ज्यांना मेंदूत रक्तस्राव होऊन गेलाय त्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन परत सुरू करायची का? डॉक्टर घाबरायचे. एडिंबराच्या लोकांनी ५३७ पेशंटवर ते बघितलं, २०१९ ला निकाल, भीती होती तसं काही वाढलेलं दिसलं नाही. पैसे ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचे. ही संस्था जुने कपडे, जुनं फर्निचर विकायची शेकडो दुकानं चालवते. लोकांनी टाकलेल्या कोट-पॅन्टीतून एवढा मोठा प्रश्न सुटतो. कंपनीनं ते कधीच केलं नसतं, नफाच नाही त्यात. आणि तार घालून मेंदूतली गुठळी ओढून काढतात ते, ज्याला पुण्या-मुंबईला लाखांत बिल होतं, ते खरंच उपयोगी आहे हे २०१५ ला हॉलंडमधल्या ५०० पेशंटच्या ज्या अभ्यासानं पहिल्यांदा ठामपणे दाखवलं त्याला तिथल्या हार्ट फाउंडेशनचा पैसा होता. शंभरातले १९ स्वतःच्या पायावर उभे राहायचे ते जवळजवळ ३३ राहिले.

आपल्याच जिल्ह्याचं सांगू? बीपीचा जो देशव्यापी उपक्रम सरकारनं आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डब्ल्यूएचओबरोबर काढला, त्यात महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे भंडारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि आपला सातारा. उपकेंद्रात एकच ठरलेली गोळी, महिन्याचा साठा, पेशंटचं कार्ड, हे जे आज दिसतं ते तिथून आलं. त्यात साथ देणारी रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज ही संस्था परदेशी दानशूर फाउंडेशनच्या पैशावर चालते. म्हणजे आईला आज जी गोळी फुकट मिळते तिच्यामागं पण कुणाचं तरी दान आहे. सरकार करतं, पण आधी कुणीतरी करून दाखवायला लागतं.

तिसरं, हे जे कुणीतरी बोललं की "आपल्या माणसांवर प्रयोग चाललाय", ते बोलणाऱ्यानं एकदा मुलींबरोबर फिरावं. प्रत्येकाला वाचून दाखवून सही नाहीतर अंगठा घेतलाय, नको म्हणणाऱ्याला सोडून दिलंय. आणि फोन सात गावांनाच का, चौदांना का नाही, हा प्रश्न चांगला आहे, मी पण डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले, फोनचा उपयोग होतो हे आपल्याला माहीतच नाही, म्हणून तर बघतोय. मला पटेना. मग त्यांनी सांगितलं की आयसीएमआरच्या पैशातून देशातल्या ३१ हॉस्पिटलांत झटका येऊन गेलेले ४,२९८ पेशंट घेतले, निम्म्यांना वर्षभर मोबाईलवर मेसेज, व्हिडिओ, एक पुस्तक, सगळं त्यांच्या त्यांच्या भाषेत. २०२३ ला निकाल छापला. दुसरा झटका यायचं प्रमाण कमी झालं नाही. मी म्हणालो मग पाण्यात गेले की पैसे. तर ते म्हणाले, उलट, आता देशभर नुसते मेसेज पाठवण्यात कोट्यवधी घालवायच्या आधी विचार होईल. म्हणून आपल्या मुली फोनबरोबर घरीही जातात.

"नाही" असं उत्तर मिळणंही उपयोगाचं असतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं पण आमच्याच घरच्या पायमोज्यांवरून कळलं. आबा दवाखान्यात पडून होते तेव्हा पायात गुठळी होऊ नये म्हणून मांडीपर्यंतचे घट्ट पायमोजे आणा असं कुणीतरी सांगितलं, मी मेडिकलमधून महागाचे आणले. चार दिवसांत टाचेवरची कातडी निघाली, त्या जखमेला सव्वा महिना ड्रेसिंग केलं. नंतर डॉक्टरांकडनं समजलं की लकव्याच्या पेशंटला या पायमोज्यांचा उपयोग होत नाही आणि कातडीला इजा होते, हे २००९ लाच २,५०० वर पेशंटवर तपासून सिद्ध झालंय, आणि त्याच्या खर्चात स्कॉटलंडची चेस्ट हार्ट अँड स्ट्रोक नावाची धर्मादाय संस्था होती. तेरा वर्षं झालेली त्या निकालाला. आमच्या वॉर्डपर्यंत तो आलेला नव्हता. त्याच संस्थेचे पैसे असलेला आणखी एक मोठा अभ्यास आहे, २,१०४ पेशंटचा, झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत पेशंटला उठवून जास्तीत जास्त वेळा चालवावं का याचा. सगळ्यांना वाटत होतं जेवढं लवकर तेवढं चांगलं. २०१५ ला उत्तर आलं, एवढी घाई केली तर परिणाम वाईट होतो. आम्ही पण आबांना पहिल्याच रात्री दोन्ही बाजूंनी धरून उभं करत होतो, "बसून राहिलं की अंग धरतं" म्हणून.

चौथं, ॲम्ब्युलन्स. याला विरोध करणं अवघड आहे हे मला कळतं, तिच्यावर ट्रस्टचं नाव येईल, नारळ फुटेल, आणि उद्या कुणाचा जीव वाचला तर मीच वाईट ठरेन. पण आमच्यावेळी गाडी नव्हती म्हणून उशीर झाला नाही. जीप दारात होती. १०८ ला कुणी फोनच केला नाही. उशीर साखरपाण्यात झाला, तेलात झाला, झाडपाल्याच्या रांगेत झाला. नवी गाडी असती तर तिच्यात बसून त्याच रांगेत गेलो असतो. आणि गाडी नेणार कुठं हेही बघायला लागेल ना, जिथं सीटी आहे आणि इंजेक्शन देतात तिथंच. हिमाचलमध्ये २०१४ पासून जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलांतले साधे फिजिशियन सीटीचा फोटो मोबाईलवर मोठ्या डॉक्टरांना दाखवून हे इंजेक्शन देतायत, सरकार ते फुकट देतं. डोंगराळ राज्य आहे ते. आपल्याकडं तसं मागायचं तर आधी दाखवायला लागेल की आपल्या चौदा गावांतून किती माणसं साडेचार तासांत पोचली, किती नाही, आणि वाटेत कुठं अडकली. ते लिहिलेलं त्या वह्यांतच आहे, दुसरीकडं कुठं नाही.

बाजारातल्या त्या दहा मिनिटांबद्दल पण तेच. ऑक्सफर्डजवळ २००२ पासून नव्वद हजारांच्या आसपास वस्तीची अशीच नोंद ठेवतायत, कुणाला झटका आला, कुणाला नुसता इशारा येऊन गेला. वीस वर्षं उलटून गेली तरी चालू आहे, आणि तिच्या खर्चात स्ट्रोक असोसिएशन, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन असे सगळे देणगीवाले आहेत. त्या नोंदीतून २००७ ला निघालं की इशारा आल्यावर किंवा हलका झटका आल्यावर लगेच औषध सुरू केलं तर पुढच्या तीन महिन्यांत परत झटका यायचं प्रमाण शंभरात १०.३ वरून २.१ वर येतं. आबांना आठ दिवस मिळाले होते. आपल्या वहीत त्या इशाऱ्याचा पण एक रकाना आहे, "हातपाय, बोलणं थोडा वेळ जाऊन परत आलं का". मुली तो प्रश्न विचारतात तेव्हा कितीतरी जण म्हणतात, हो, झालं होतं की एकदा.

पाचवं छोटं आहे. ठराव मुलींना व्हॉट्सॲपवर कळला. डॉक्टरांना तर मुलींकडून कळला. हे बरोबर झालं नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट जी मीटिंगमध्ये निघालीच नाही असं ऐकलं. वह्यांचं काय करणार? त्यात लोकांची आजारपणं आहेत, दारू पितो का हे आहे, मोबाईल नंबर आहेत. निवडणुका काय आपल्याकडं कायम तोंडावरच असतात. त्या वह्या पोत्यात भरून ऑफिसच्या माळ्यावर पडल्या तर उद्या कुणाच्या हाती लागतील सांगता येत नाही. मी कुणावर आरोप करत नाही, फक्त विचारतोय.

आता मागणं. काम तीन वर्षांचं ठरलं होतं, सव्वा वर्ष राहिलंय, तेवढं पूर्ण करा, कारण अर्ध्यात सोडलं तर सात गावं आणि सात गावं यांची तुलनाच होणार नाही आणि आत्तापर्यंतचा खर्चही बुडाला, अंगठा दिलेल्या माणसांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. या कामाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी हिशोब ग्रामसभेत वाचा. वह्या डॉक्टरांच्या ताब्यात कुलपात. शेवटी जो निकाल येईल तो मराठीत चौदाही गावांत वाचून दाखवायचा, "उपयोग झाला नाही" असा आला तरी. मुलींचा दोन महिन्यांचा थकलेला पगार आधी. आणि ॲम्ब्युलन्स घ्यायचीच असेल तर घ्या, पण त्याआधी प्रत्येक डेअरीवर, एसटी थांब्यावर, देवळात एक पत्रा लावा: तोंड एका बाजूला उतरलं, हात वर होत नाही, बोलणं अडखळलं, तर वेळ बघा आणि १०८ लावा, तोंडातून काही देऊ नका, सीटी असलेल्या दवाखान्यात न्या. पत्र्याला किती खर्च येतो ते मी चौकशी करून ठेवलंय, सभागृहाच्या एका खिडकीएवढा.

पैसे नाहीत असं कारण असेल तर तसं सरळ सांगा, मग आमचं आम्ही बघू. पुसेगावच्या यात्रेत सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढवणारी माणसं आहोत आपण, आणि कर्मवीर अण्णांनी याच जिल्ह्यात मूठ मूठ धान्य गोळा करून पोरांची बोर्डिंगं चालवली. केंद्रावर परवा विषय काढला तर लिटरमागं पाच पैसे कापून घे म्हणाले लोक. एकजण फॅटवरून माझ्याशी रोज भांडतो, तोच पहिल्यांदा म्हणाला. पण ट्रस्टनं हात काढून घेतला आणि गावानं चालू ठेवलं असं व्हायला नको वाटतं, तुमच्याच कारकिर्दीत हे काम सुरू झालंय.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मीटिंग आहे असं समजतं. ठराव फेरविचाराला घ्या आणि त्या मीटिंगला डॉक्टरांना आणि चौघींपैकी एकीला बोलवा. मला बोलावलं तर केंद्र बंद झाल्यावर साडेनऊनंतर कधीही येतो, येताना ती पावती पण आणेन, शाई फिकट झालीय पण वेळ अजून वाचता येते.

आपला,
संकलन केंद्रवाला

ता. क. खालच्या आळीला जाणाऱ्या मशीनचे सेल संपले होते, मुलींनी मागितले तर ऑफिसातून "आता बंदच होणार आहे" असं उत्तर मिळालं. चार सेल मी घालून दिलेत. त्याचं बिल लावणार नाही.